लग्नपत्रिकेचे प्रूफ

माझी पत्नी फिरती विशेष शिक्षिका आहे. मोताळा तालुक्यातल्या सात-आठ गावांच्या शाळा तिच्याकडे आहेत. ज्या मुलांना दिसत नाही, ऐकू येत नाही किंवा अक्षरांची ओळख पटत नाही, त्यांच्याकडे ती आठवड्यातून एकदा जाते. रविवारी आम्ही ज्या घरी जायचो ते तिच्या यादीत नव्हते. तिथली मुलगी दहावी पास झाली होती, म्हणून शाळेच्या पटावरून तिचे नाव गेले होते. मी मोटारसायकल चालवायचो आणि तिथल्या ओसरीवर बसायचो.

मुलगी जन्मापासून अंध. दहा वर्षे तिची पुस्तके मोठ्या बहिणीने वाचून दाखवली. संध्याकाळच्या भाकरी थापून झाल्या की बहीण वाचायची आणि ही ऐकायची. दहावीचे पेपर हिने सांगितले, लेखनिकाने लिहिले. आता बहिणीचे लग्न ठरले होते, संग्रामपूरकडे. अकरावीला नाव घालायचे की नाही, यावर घर अडले होते.

वडिलांची पाच एकर शेती, कपाशी आणि सोयाबीन. मुलीवर त्यांचा जीव होता, म्हणूनच ते आडपडदा ठेवत नसत.

"मॅडम, मोठी तं चालली सासरी. मंग हिले वाचून कोन दाखविन? कॉलेजात नाव टाकाचं अन् घरी बसून राह्याचं, काय मतलब हाये?"

पत्नीने बहिणीचा जुना फोन मागून घेतला आणि त्याच्या सेटिंगमधला स्क्रीन वाचून दाखवणारा भाग चालू केला. ही सोय त्या फोनमध्ये पहिल्या दिवसापासून होती. घरात कुणाला माहीत नव्हती. मलाही नव्हती, आणि मी वार्ताहर, माझी रोजची बातमी फोनवरूनच जाते.

त्यानंतर तो फोन घरातल्या डोळस माणसांना वापरता येईना. बोट ठेवले की फोन तिथे काय लिहिले आहे ते बोलायचा, आणि उघडायला दोनदा टिचकी मारावी लागायची. वडिलांना आलेला एक कॉल उचलता आला नाही.

"हा फोन हाये का सासू? हात लावला का बोलते!"

"बाबा, तुमी मले आताच भेव दाखवून राह्यले का?" मोठी मुलगी आतून म्हणाली.

धाकटी मात्र काही आठवड्यांत तयार झाली. पुस्तकाच्या पानावर कॅमेरा धरायचा. कागदाची कड चौकटीबाहेर असेल तर फोन तसे सांगतो. मग तो पान वाचतो. सुरुवातीला एका पानाला दहा-बारा प्रयत्न लागत. नंतर एका प्रयत्नात पान येऊ लागले. मग तिने आवाजाचा वेग वाढवायला सुरुवात केली, दर रविवारी थोडा. मुलाखतींची रेकॉर्डिंग ऐकून उतरवून घेण्यात माझी वीस वर्षे गेली आहेत. दीडपट वेगाने बोललेले मला कळते. ती जे ऐकत होती त्यातला एक शब्द मला लागला नाही. मळणीयंत्र लांबून ऐकू यावे तसा तो सलग आवाज होता. काय ऐकलेस, असे मी विचारले तेव्हा तिने इतिहासातला अख्खा परिच्छेद तिच्या बोलीत सांगितला. मी पुस्तक उघडून ताडून पाहिले. काही सुटले नव्हते.

बॅटरी वाचावी म्हणून तिने स्क्रीन काळी करून ठेवली होती. फोन चालू असतो, फक्त काचेवर काही दिसत नाही. वडिलांनी त्याचा वेगळा अर्थ लावला. एकदा मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "बंद फोन कानाले लावून बसते, भाऊ. मॅडमले वाईट वाटू नये म्हनून करून राह्यली."

मी समजावून सांगितले. त्यांनी मान हलवली, पण पटले नाही हे दिसत होते.

अकरावीच्या अर्जाची मुदत संपत आली त्याच रविवारी लग्नपत्रिकेचे प्रूफ आले. आमच्या भागात पत्रिका म्हणजे नावांचा कागद असतो. कुणाचे नाव कुठे आणि कुणाच्या वर, याच्यावर माणसे येतात किंवा येत नाहीत. वडिलांनी प्रूफ मोठ्याने वाचले. त्यांच्या चुलत भावाने पाहिले. मग ते माझ्याकडे आले.

"पेपरवाले भाऊ, तुमची नजर पक्की."

मी ओळीखाली पेनाचे टोक धरून वाचले, एक वेलांटी दुरुस्त केली आणि बरोबर आहे म्हणून परत दिले.

"मले द्या," धाकटी म्हणाली.

"तू काय पायशीन वं?" चुलता हसला.

तिने कागद फरशीवर ठेवला. बोटांनी चारही कोपरे शोधले, दोन्ही हातांची कोपरे कागदाच्या बाजूंना टेकवली आणि वीतभर उंचीवर फोन धरला. वरची नक्षीदार अक्षरे फोनला वाचता आली नाहीत, ती तिने सोडली. मग तो सलग आवाज सुरू झाला. अर्धे मिनिट गेले असेल. ती थांबली. एक ओळ मागे गेली. पुन्हा ऐकली.

"मोठ्या मामाचं नाव दोनदा हाये. लहान्या मामाचं नाईच."

वडिलांनी कागद उचलला. दोघा मामांचे मधले नाव आणि आडनाव एकच, पहिले नाव तेवढे वेगळे. छापणाऱ्याने तीच ओळ दोनदा लावली होती. थोड्या वेळापूर्वी वडिलांनी धाकट्या मामाचे नाव मोठ्याने उच्चारलेले मी या कानांनी ऐकले होते. ते नाव कागदावर नव्हते. आम्ही तिघांनी जे असायला हवे ते वाचले. जे आहे ते ऐकणारी त्या घरात एकच होती.

"लहाना मामा आलाच नसता," नवरी हळू आवाजात म्हणाली. "मंग मले मांडवात कोनं आनलं असतं? त्यानंच आनाचं ठरलं हाये."

वडील मुलीसमोर खाली बसले.

"पुन्हा लाव. हळू कर, आमाले समजू दे."

तिने वेग उतरवला. फोन सपाट, संथ आवाजात घराची नावे वाचू लागला. आजोबा, काका, आत्या, गेलेली माणसे, परवा जन्मलेले पोर. आतल्या बाया दाराशी आल्या. एकीने डोक्यावर पदर घेतला. शेवटच्या नावापर्यंत कुणी हलले नाही.

"मॅडम, कॉलेजचे पुस्तकं बी असेच वाचते का हे?" वडिलांनी विचारले.

"छापलेलं वाचतो," पत्नी म्हणाली. "हातानं लिहिलेलं नीट नाही वाचत."

"हातानं लिवलेलं मैत्रिनी वाचतीन," चुलता म्हणाला. आता तो हसत नव्हता.

"मंग फारम भरून टाका," वडील म्हणाले.

"मीच भरीन बाबा," धाकटी म्हणाली. "तुमी फक्त सही करजा."

वडिलांनी मोठीकडे वळून विचारले, "मोताळ्याले कोनती बस जाते वं सकाळी? साडेनऊची का दहाची?"

"साडेनऊची. दहाची आपल्या फाट्यावर थांबत नाई."