आपलं तोंड आपण खोडा

परतवाड्याची आमची काकू स्वतःला कधी सुंदर काढत नसे. नाक मुळातच ठसठशीत, ते ती आणखी फताडं करी. काकांचं बी-बियाण्यांचं दुकान होतं. तिथे येणाऱ्या, कपाशीची टपोरी बोंडं छापलेल्या पोस्टरांच्या कोऱ्या पाठीवर चौकोन आखून ती आपलंच घर काढायची. करपलेली भाकर, सासूशी धरलेला अबोला, काकांचं घोरणं, सगळं बोलण्याच्या फुग्यांसकट.

तिचा नियम एकच. पेन्सिलीचं काम झालं की चित्रातल्या माणसापुढे खोडरबर ठेवायचं. "पटत नसन तर आपलं आपण खोडा. माह्या तोंडाले हात नाई लावायचा." मग उरेल त्यावर शाई. मी अमरावतीहून सुट्टीत गेलो की इमानाने माझं पोट खोडायचो. त्यामुळे तिच्या कित्येक चित्रांत मी नुसतं डोकं आणि दोन पाय एवढाच उरलो आहे.

त्या वर्षांत कपाशीने सगळ्यांनाच रडवलं. एका हंगामात काकांनी विकलेलं बियाणं उगवलंच नाही. शेतकरी दुकानात आले तेव्हा काका आत पोत्यांमागे जाऊन बसले आणि काकू गल्ल्यापाशी उभी राहून म्हणाली, "ते अकोल्याले गेले." माणसं पाणी पिऊन निमूट परत गेली.

आठवड्याने ते कागदावर उतरलं. पोत्यांमागे उकिडवे काका, पुढे काकू, आणि तिच्या फुग्यातलं ते वाक्य सगळ्यांत मोठं. बाजारातली पत हीच काकांची कमाई. त्यांनी त्या फुग्यावर बोट ठेवलं.

"हे काहून काढलं?"

"मी खोटं बोलली ना. कुठं ठेवू ते?"

"लोक पाहतीन."

"मंग तुमी तुमाले खोडा. मी तं राहीनच."

काकांनी खोडरबर उचललं, मुठीत घट्ट आवळलं आणि खिशात टाकलं. "कर शाई," म्हणाले. वाळल्यावर त्यांनी स्वतः ते दुकानात, गल्ल्याच्या वर ठोकलं.

बाजाराच्या दिवशी त्या शेतकऱ्यांतलाच एक म्हातारा आला. चित्रापुढे उभा राहिला. मग शांतपणे म्हणाला, "शेटजी, अकोल्याहून कवा आले?"

"आत्ताच आलो, बाप्पा," काका म्हणाले. "बस. काय करता येते ते पाहू."

स्वतःला इतक्या निर्दयपणे आणि हसत पाहणारं काकूसारखं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही. ती जाऊन बरीच वर्षं झाली. तिचं शेवटचं चित्र आमच्या बैठकीत आहे. पाहुणे विचारतात, हा ढेरपोट्या कोण?

मी, असं सांगतो.