बाबूसिंग पवारांचा बंदोबस्त

बाबूसिंग पवारांनी एकतीस वर्षं एसटी चालवली. त्या एकतीस वर्षांत आपल्या गाडीतून कोणाची साधी पिशवी चोरीला गेली नाही, असं ते सांगत. त्यांचे कंडक्टर वेगळं सांगत. निवृत्त झाल्यावर त्यांनी नेर गावात प्लॉट पाडून वसलेल्या नव्या लेआउटमध्ये घर बांधलं, आणि घरभरणी होऊन महिना होतो न होतो तोच शेजारच्या वस्तीत भरदुपारी घरफोडी झाली. झालं. त्या दिवसापासून बाबूसिंगच्या अंगात फौजदार शिरला.

फाटकाला दोन कुलपं, ग्रिलला एक, दाराला तीन. त्यांच्या बायकोला, लालीबाईला, कोथिंबिरीची जुडी आणायची म्हटलं तरी आधी कुलपं उघडण्यातच दहा मिनिटं जात. भिंतीवर ‘कुत्र्यापासून सावध रहा’ अशी पाटी लागली. कुत्रा नव्हता, कारण लालीबाईला कुत्रं चालत नसे. लेआउटमधली पोरं जाता-येता पाटीसमोर भुंकून ती उणीव भरून काढत.

मग एका रविवारी बाबूसिंगनी मोकळ्या प्लॉटवर अकरा घरांची सभा भरवली आणि घरटी एक लाल शिट्टी वाटली.

“अनोळखी मानूस दिसला का वाजवायची. इचार करत बसाचं नाई!”

लोकांनी मनावर घेतलं. पहिल्याच आठवड्यात मीटर वाचायला आलेला माणूस चार घरांच्या शिट्ट्या ऐकून दोन्ही हात वर करून रस्त्यात उभा राहिला. बाबूसिंगना धन्य वाटलं.

एकच गोष्ट त्यांना खुपायची. समोरच्या नलूताई भगत. ओट्यावर त्यांचं शिलाई मशीन, नजर मात्र रस्त्यावर. जो दिसेल त्याला त्या विचारत, “कुठं चालले जी?” बाबूसिंगचा नियम याच्या अगदी उलटा होता. आपण गावाला चाललो हे भिंतीलाही कळू द्यायचं नाही. लेआउटात राहून सहा महिने झाले, पण घरात कोण कोण आहे, मुलंबाळं कुठं असतात, यातलं एक अक्षर त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. लालीबाईलाही सांगू दिलं नव्हतं.

चतुर्थीला दोघं कळंबच्या चिंतामणीच्या दर्शनाला निघाले. लालीबाईच्या अंगावर नवी साडी, पिशवीतून नारळाची शेंडी डोकावत होती.

“कुठं चालले दादा?” नलूताईंनी विचारलं.

“इथंच,” बाबूसिंग म्हणाले आणि बसस्टँडकडे वळले.

ते तिकडे दर्शनाच्या रांगेत असताना इकडे त्यांचे जावई आले. रजत राठोड पांढरकवड्याहून कामानिमित्त अमरावतीला चालले होते. वाटेत सासऱ्यांना सीताफळं द्यावीत, एवढाच त्यांचा विचार. फाटकाला कुलपं पाहून त्यांनी फोन लावला. पण सासऱ्यांनी देवळात फोन बंद ठेवला होता. फळं उन्हात कशाला, आत सावलीत ठेवून जावं, म्हणून बिचारे पँट वर सरकवून पिशवीसकट कंपाउंडवर चढले.

नलूताईंची शिट्टी वाजली. पाठोपाठ बाकीच्या घरांच्याही वाजल्या. रजत भिंतीवर अर्धे आत, अर्धे बाहेर असतानाच नलूताईंच्या नवऱ्यानं, भीमराजनं, त्यांचा पाय धरला.

“अहो, मी जवाई हाये या घरचा!”

“पकडल्यावर सारे जवाईच असतेत,” नलूताई म्हणाल्या. “दादाले लेक हाये, हेच आमाले मालूम नाई.”

रजतनी बायकोला व्हिडिओ कॉल लावला. वैष्णवी फोनमधून कळवळून सांगू लागली, “हो हो, माझेच मिस्टर आहेत!” पण वैष्णवीला तरी तिथं कोण ओळखत होतं? शेवटी लोकांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. नलूताईंनी चहा दिला. भीमराज मात्र पिशवी मांडीवर घेऊन शेजारीच बसून राहिला.

दुपारी दोनला बाबूसिंग परतले. फाटकासमोरची गर्दी पाहून त्यांची छाती फुगली. सापडला! नारळाची पिशवी बायकोच्या हातात देऊन ते गर्दीत घुसले.

“कोन हाये रे तो चोर? पाहू द्या मले!”

“मीच, मामाजी,” रजत उठून उभे राहिले आणि सवयीनं पाया पडले.

लालीबाईनं नवऱ्याकडे फक्त एकदा पाहिलं. ती दृष्टी बाबूसिंगना सहाही कुलपं उघडेपर्यंत पाठीत टोचत होती.

“दादा,” नलूताई हळूच म्हणाल्या, “शिट्ट्या तं तुमी वाटल्या. पन मानसं वळखाले कोन शिकवन?”

त्या दुपारी सीताफळं सगळ्यांनी मिळून खाल्ली, आणि लालीबाईनं सहा महिन्यांचं मौन एका बैठकीत फेडलं. लेकीच्या लग्नाचा अल्बमच बाहेर निघाला. कोणाचा भाऊ कुठं, कोणाची नणंद कधी येते, सगळं अकरा घरांना कळलं. बाबूसिंग कोपऱ्यात बसून नाइलाजानं ऐकत होते. मधेच कोणीतरी त्यांच्या मेहुण्याचं नाव चुकीचं घेतलं, तेव्हा न राहवून त्यांनी ते दुरुस्त केलं.

दिवाळीत ते दोघं पांढरकवड्याला गेले. जाण्याआधी तीन दिवस विचार करून त्यांनी चाव्यांचा जुडगा नलूताईंच्या हाती दिला, आणि तोही चोराला सोडून द्यावं तशा चेहऱ्यानं. नलूताई रोज त्यांच्या दारात सडा-रांगोळी करत, पेपर उचलत. बाबूसिंगची लुंगी भिजवून तारेवर वाळत घालत, घर भरलेलं दिसावं म्हणून.

भाऊबीजेच्या दुपारी मोटारसायकलवर दोघं आले आणि फाटकापाशी रेंगाळले.

“हे घर भाड्यानं हाये का?” एकानं विचारलं.

नलूताईंनी मशीन थांबवलं आणि रिकाम्या घराकडे तोंड करून हाक मारली, “बाबूसिंग दादा, उठा! मानसं आले तुमच्याकडं!” मग त्या दोघांना म्हणाल्या, “थांबा, उठवतो. झोपमोड झाली का लई तापतेत ते.”

दोघं काही थांबले नाहीत. नलूताईंनी खडूनं गाडीचा नंबर समोरच्या ब्लाउजपीसवरच लिहिला, पोलीस ठाण्यात कळवला आणि मग पांढरकवड्याला फोन केला.

बाबूसिंगनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“मंग? मी उठलो का?” त्यांनी विचारलं.

“नाई जी,” नलूताई म्हणाल्या, “घोरूनच राह्यले व्हते तुमी.”