टाचणीबाईंच्या गळ्यातला प्लेअर

टाचणीबाई हे काही तिच्या आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. बायकांचे कपडे शिवायचं तिचं दुकान, आणि गिऱ्हाईक फिटिंगला उभं राहिलं की ओठांत टाचण्या धरायची तिची सवय. कुणी काही विचारलं तरी टाचण्या काढायची नाही. ‘हं’, ‘उंहूं’ आणि दोन भुवया, एवढ्यावर अख्खा दिवस निभावून न्यायची. हसू आलं तर तोंड उघडायची चोरी, म्हणून नाकातून हसायची. कुकरची शिट्टी होता होता राहावी तसं ते हसणं. आधी फुस्स, मग पुन्हा फुस्स, आणि शेवटाला एक लांबलचक ‘हुंऽऽ’. रस्त्याच्या पलीकडून ऐकू आलं तरी बायका म्हणायच्या, टाचणीबाई हसली बघ.

तिच्या गळ्यात मापाच्या टेपच्या जोडीला एक निळा प्लेअर लोंबत असायचा. लेकीने नोकरीला लागल्यावर आणलेला, दुकानातला सगळ्यांत स्वस्त. काडेपेटीएवढा जीव. टाचणीबाईला विचाराल तर ती त्याचे गुण आधी सांगायची. मशीनच्या तेलाचा हात लागला तरी रुसत नाही. कापायच्या टेबलावरून किती वेळा खाली पडला, पण मेला नाही. फोनसारखा मधेच केकाटत नाही, कुणाचे निरोप आणत नाही. बटणं अशी ठसठशीत की शिवणीवरची नजर न काढता अंगठ्याने दाबता येतात.

अवगुणही होतेच. स्वस्त वस्तू आपला स्वस्तपणा कुठे ना कुठे दाखवतेच. उजव्या कानातला आवाज पहिल्या महिन्यातच गेला. पडदा नावाला नाही, त्यामुळे आत काय आहे ते ऐकल्याशिवाय कळायचं नाही. गाणं पुढे ढकलायची सोय नाही. बटण दाबलं की थेट पुढच्यावर उडी. बंद करून सुरू केला की पुन्हा पहिल्यापासून. आणि सगळ्यांत मोठी खोट म्हणजे त्याचा लाल दिवा. चार्जिंग संपत आलं तरी तोच लाल, आणि आवाज रेकॉर्ड होत असला तरी तोच लाल. हा भुकेला आहे की कान देऊन ऐकतोय, ते ओळखायला काही मार्ग नव्हता.

रेकॉर्डिंग त्या दुकानात रोजचंच. टाचणीबाईची धाकटी जाऊ गिऱ्हाइकाची मापं घ्यायची आणि खणखणीत आवाजात बोलायची, “खांदा साडेचौदा, बाही वीस, कंबर जरा ढिली हवी म्हणतायत.” टाचणीबाई अंगठ्याने बटण दाबून ते टिपायची. दुपारी कापड कापायला बसली की डाव्या कानात धाकटी माप सांगायची आणि हातातली कात्री त्याबरहुकूम चालायची. वहीत लिहा, चष्मा शोधा, ही भानगड नाही. गाणी संपली की मापं, मापं संपली की पुन्हा गाणी.

धाकटीला शिवण शिकवलं ते टाचणीबाईनेच. लग्न होऊन घरात आली तेव्हा तिला सुईत दोरा घालता येत नव्हता. कॉलर, खिसा, अस्तर, सगळं टाचणीबाईने हात धरून शिकवलं. धाकटी हुशार, आणि जिभेची त्याहून हुशार. गिऱ्हाईक दाराबाहेर पडलं की त्याची हुबेहूब नक्कल करायची. दुकानातले दिवस त्यामुळे हसत जायचे.

मग एका सकाळी समोरच्या घराच्या पुढच्या खोलीला रंग लागला. दारावर पाटी चढली. धाकटीने स्वतःचं दुकान मांडलं होतं.

तेवढंच असतं तर टाचणीबाईने गिळलं असतं. पण शाळेच्या मुख्याध्यापिका आपला अर्धवट कोट परत न्यायला आल्या, आणि जाता जाता फार मायेने म्हणाल्या, “डोळ्यांची काळजी घ्या हो. तुमच्या जाऊबाई सांगत होत्या, हल्ली शिवण दिसत नाही तुम्हाला. त्यांनाच म्हणे सगळं उसवून पुन्हा घालावं लागायचं.”

टाचणीबाईच्या ओठांतली टाचणी टचकन जिभेला टोचली.

त्या आठवड्यात औषधाच्या दुकानाची मालकीण धाकटीकडे गेली. मग बँकेतली बाई गेली, तिच्या पाठोपाठ तिच्या दोन्ही बहिणी. जी ती जाताना डोळ्यांना काय घालावं ते सांगून जायची. नवरा म्हणाला, “अगं, घरातलीच आहे ती. तिचं चाललं म्हणजे आपलंच चाललं.”

“मग जा, तिच्याकडेच जेव,” टाचणीबाई म्हणाली. त्या दिवशी तो खरंच उपाशी राहिला.

कोटाचं माप पडताळायला म्हणून ती एका संध्याकाळी प्लेअर कानाला लावून बसली. मुख्याध्यापिकांचा खांदा साडेचौदाच होता आणि तिने साडेचौदाच कापला होता. डोळे गेलेत काय! ती बटण दाबणार तोच लक्षात आलं, माप संपलं तरी रेकॉर्डिंग चालूच आहे. त्या दिवशी लाल दिवा बघून तिला वाटलं होतं, चार्जिंग उतरलंय.

आधी तिच्या मशीनची घरघर आली. मग दार लागल्याचा आवाज, आणि त्यावर धाकटी, मुख्याध्यापिकांच्या सुरात, “कंबर जऽरा ढिली हं! जरा? बाई, तुमच्या कंबरेत अख्खी प्रार्थना उभी राहील, रांगेत!” मग औषधवालीची पाळी. तिची चाल, तिचे दात, तिच्या घामाचा वास. मागे मशीन एकसारखं चालू. टाचणीबाईचा एक शब्द नाही.

तिथे प्लेअरचं चार्जिंग संपलं. तिने पुन्हा भरलं, पुन्हा लावलं. रेकॉर्डिंग लांबलचक होतं, पुढे सरकवता येत नव्हतं, म्हणून पुन्हा मुख्याध्यापिकांपासून ऐकावं लागलं. पुन्हा औषधवालीपाशी प्लेअरने मान टाकली. बॅटरी आताशा थकलीच होती. टाचणीबाईने कानातून वायर काढली. पुढचं काय ऐकायचं? एवढं रग्गड आहे. आणि मी तर मुकाट मशीन चालवतेय, जगाने ऐकावं.

सूड घ्यायचा ठरला की माणसाला कामं पटापट सुचतात. तिने लेकीला सांगितलं, “तीन गाणी ठेव, बाकीची काढून टाक. आणि गाण्यांच्या मागे ते कोटाचं माप ठेव.”

“का गं?”

“जड झालाय तो.”

“आई, गाण्यांनी वजन वाढत नाही.”

“तू सांगितलेलं कर. मला अक्कल नको शिकवू.”

आता प्लेअर समोर पोचायचा कसा, याचाच घोर होता, तर धाकटी स्वतःच्या पायांनी चालत आली. नव्या दुकानाचा पहिला दिवस उद्या, सगळ्या बायकांना चहाला बोलावलंय, असं सांगत उंबऱ्यातच उभी राहिली.

“जाऊबाई, रागावू नका, पण एक मागू?”

“हं,” टाचण्यांमधून.

“तो प्लेअर. जुनी मापं आहेत त्यात. गिऱ्हाइकांना पुन्हा उभं करायला बरं नाही वाटत. आणि तुम्हाला काय आता… म्हणजे तेवढं काम कुठे राहिलंय.”

टाचणीबाईने गळ्यातून प्लेअर काढला. पदराने पुसला. धाकटीच्या हातात ठेवताना टाचण्याही काढल्या, म्हणजे हसू नीट दिसावं. “ने बाई. मी आत्ताच भरून ठेवलाय. उद्या स्पीकरला जोड, त्यावर चार्जही होत राहतो, गाणी चांगली आहेत. बटण दाबलं की आपोआप चालतो. हात लावायची गरज नाही.”

“तुमचं मन मोठं आहे हो.”

“हं,” टाचणीबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने मशीन दाराशी ओढलं, ओठांत टाचण्या धरल्या आणि समोर बघत बसली. रस्ता अरुंद. पलीकडच्या खुर्च्या, कप, पदरांचे रंग सगळे दिसत होते. तिच्या गेलेल्या डोळ्यांना. मुख्याध्यापिका नवा कोट घालून पहिल्या खुर्चीत. औषधवाली बशीत बिस्किट बुडवतेय. स्पीकर मोठा होता. पहिलं गाणं रस्ताभर ऐकू आलं. दुसरं आलं. तिसऱ्याला टाचणीबाईच्या पोटात गुदगुल्या व्हायला लागल्या. असं सुख तिला स्वतःच्या लग्नातही झालं नव्हतं.

मग खांदा साडेचौदा.

“अय्या, हे माझंच माप!” मुख्याध्यापिका कौतुकाने म्हणाल्या.

मग घरघर. दार. आणि धाकटीचा आवाज, “कंबर जऽरा ढिली हं!”

पलीकडे कप थांबले. धाकटी धावली, स्पीकरच्या मागे हात घालून प्लेअरची वायर शोधू लागली, पण स्पीकर भिंतीला टेकवलेला आणि वर कापडाचे तागे रचलेले. प्रार्थनेची रांग झाली. औषधवालीच्या दातांचं झालं, घामाचं झालं. औषधवालीने बिस्किट बशीत ठेवून दिलं. टाचणीबाई एकेक चेहरा पडताना बघत होती, पंगतीला वाढलेलं जेवण चवीने जेवावं तशी.

आणि स्पीकरमधलं मशीन थांबलं.

टाचणीबाईने कान टवकारले. ते मशीन तिचं होतं. ते का थांबलं ते तिला एकदम आठवलं. त्या दिवशी खालच्या बॉबिनचा दोरा संपला होता. आणि दोरा संपल्यावर आपण मान वर केली होती.

फुस्स, स्पीकर म्हणाला. मग पुन्हा फुस्स. मग रस्ताभर, मोठ्ठं, लांबलचक ‘हुंऽऽ’.

सगळ्या माना वळल्या. पलीकडच्या एकूण एक बायका तिच्याकडे बघायला लागल्या. आणि स्पीकरमधून डबीत टाचण्या टाकल्याचा आवाज आला, टिण, टिण, टिण. टाचणीबाई टाचण्या काढते म्हणजे काहीतरी बोलणार, हे त्या सगळ्यांना माहीत होतं. त्या ऐकत थांबल्या. आणि टाचणीबाईचा खणखणीत आवाज आला, “अगं, औषधवालीला कसलं माप घेतेस? पोत्याचं तोंड शिवतात तसं वरून शिवायचं आणि सोडून द्यायचं!”

तेव्हा कुठे धाकटीच्या हाताला वायर लागली.

औषधवाली उठली. मुख्याध्यापिका उठल्या. जाताना त्या दोघी रस्त्याच्या मधोमध जरा थांबल्या, एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे, आणि सरळ कोपऱ्यावरच्या तयार कपड्यांच्या दुकानाच्या दिशेने चालू लागल्या. बाकीच्या त्यांच्या मागे.

संध्याकाळी धाकटी आली. डोळे सुजलेले. प्लेअर टेबलावर आपटला. तो पडून मरणाऱ्यांतला नव्हताच.

“हे घ्या, जाऊबाई. तुमचं हसू माझ्याकडे राहिलं होतं.”

“आणि माझ्या डोळ्यांचं काय? ते कुणाकडे राहिलेत?”

धाकटी पाठ फिरवून निघाली. उंबऱ्यावरून उतरताना एवढंच म्हणाली, “मशीन थांबलं नसतं तर तुम्ही जिंकला होतात.”

अजूनही दोघींची दारं समोरासमोर उघडी असतात. दोघींची मशीनं मुकी. घरातल्या पडद्यांना दुमड घालायची म्हटलं तर तीसुद्धा घालून झाली. लेक एकदा वैतागून म्हणाली, “काय मिळालं आई? पुन्हा संधी मिळाली तर पुन्हा असंच करशील?”

टाचणीबाई प्लेअर गळ्यात अडकवत होती. त्याचा लाल दिवा लागलेला होता. तिने टाचण्या तोंडात घालता घालता हात थांबवला.

“करीन,” ती म्हणाली. “फक्त आधी शेवटपर्यंत ऐकीन.”