नानांचा कॉम्प्युटर आणि न आलेला कावळा

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर मी लिहीन असं मला कुणी वर्षापूर्वी सांगितलं असतं तर मी त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं. मी भोकरदनला हायस्कूलमध्ये गणित आणि विज्ञान शिकवते. अमावास्येला केस धुते, मांजर आडवं गेलं तर स्कूटी थांबवते ती फक्त मांजर वाचावं म्हणून. ह्या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी वाचते ते करमणूक म्हणून, आणि बहुतेकांवर मनातल्या मनात लाल पेन चालवते. तेव्हा माझ्यावरही कुणी चालवला तर तक्रार नाही.

तर झालं असं...

माझे सासरे — घरात सगळे नाना म्हणायचे — बसस्टँडवर कंट्रोलर होते. आयुष्यभर जालना, सिल्लोड, संभाजीनगर गाड्या पुकारल्या आणि रिटायर झाल्यावर एक कॉम्प्युटर घेतला. कशासाठी? पत्ते खेळायला. एकट्याने खेळायचा तो डाव असतो ना, लाल-काळं पान एकाखाली एक लावत जायचं — तो. दुपारचं जेवण झालं की नाना पुढच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसायचे. सासूबाईंना, म्हणजे आमच्या बाईंना, ते अजिबात पटायचं नाही. "एकट्यानंच खेळायचं अन् एकट्यानंच जिंकायचं. ह्यात काय मजा हाय?" असं त्या रोज म्हणायच्या आणि रोज खेळ संपेपर्यंत शेजारी बसून शेंगा फोडायच्या.

मधे एकदा कॉम्प्युटर बिघडला, दुकानदाराने सगळं पुसून नवीन भरून दिलं, आणि त्यात तो खेळ गेला. नानांनी आम्हा सगळ्यांना एकेकदा सांगून पाहिलं. आम्ही सगळेच म्हणालो, बघू. मग त्यांनी सांगणं सोडलं. कॉम्प्युटरवर क्रोशाचं झाकण आलं.

गेल्या उन्हाळ्यात नाना गेले. आजारपण नाही, काही नाही. दशक्रियेला केळणा नदीच्या काठावर पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. समोरच्या बाभळीवर बसलेले होते, पण खाली येईनात. मग आपल्याकडे करतात तसं सुरू झालं — हात जोडायचे आणि गेलेल्याची काय इच्छा राहिली असेल ते ओळखून कबूल करायचं. माझा नवरा म्हणाला, नाना, बाईला काही कमी पडू देणार नाही. नणंद वंदना वडीगोद्रीहून आली होती, ती म्हणाली, नाना, मी माहेर तोडणार नाही. चुलत सासरे म्हणाले, बांधाचं भांडण मिटवतो. मीसुद्धा म्हणाले, पोरींची शिक्षणं पूर्ण करू. सगळी मोठीमोठी वचनं झाली. कावळे बाभळीवरच. ऊन चढलं तसं गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही घरी आलो.

माझ्या दृष्टीने विषय तिथे संपला. बाईंच्या दृष्टीने तिथे सुरू झाला. "काहीतरी राह्यलं त्यांचं," हे एकच वाक्य. रोज सकाळी पहिली भाकरी गच्चीच्या कठड्यावर, आणि कावळा येईपर्यंत उभ्या. वंदनाने वडीगोद्रीला बोलावलं तर जाईनात, का, तर मागे कावळ्याला कोण घालणार. अंगावरचं मांस उतरलं. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, सगळं बराबर निघालं. मी त्यांना दोनदा नीट समजावलं की कावळा भूक, माणसांची गर्दी आणि कुत्री बघून खाली येतो. त्या म्हणाल्या, "व्हय. तुझं बराबर हाय." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कठड्याशी.

दिवाळीनंतर नवऱ्याने नानांचा कॉम्प्युटर भंगारात द्यायचा विषय काढला. जागा अडवून बसलाय, चालू व्हायला अर्धा तास लागतो, वगैरे. बाई ताटावरून उठल्या. तेव्हा मी म्हटलं, थांबा, ह्यात मी लिनक्स टाकते.

आता हे माझं काम आहे म्हणून सांगते. शाळेच्या लॅबमधले जुने कॉम्प्युटर असेच मरायला टेकले होते. मी व्हिडिओ बघून शिकले आणि सगळ्यांवर विंडोज काढून लिनक्स टाकलं. फुकट मिळतं, जुन्या मशीनवर हलकं चालतं, मराठी फॉन्ट-कीबोर्ड सगळं त्यात असतं. पेन ड्राइव्हवर भरायचं, त्यावरून मशीन चालू करायचं, चार प्रश्नांची उत्तरं द्यायची — भाषा कोणती, वेळ कुठली, नाव काय — आणि बसायचं. लॅबमध्ये एकही मशीन अडलं नव्हतं.

रविवार होता. वंदना आलेली होती. नानांचे फोटो वगैरे मी आदल्या दिवशीच दुसरीकडे काढून ठेवले होते. जेवणं झाली आणि मी सुरू केलं. इन्स्टॉल करताना दोन पर्याय असतात — सगळं सामान भरून, किंवा मिनिमल, म्हणजे ब्राउझर आणि अगदी लागणाऱ्या गोष्टी. नानांची डिस्क लहान, म्हणून मी मिनिमल निवडलं. फायली कॉपी व्हायला लागल्या, खालची पट्टी सरकायला लागली... आणि निम्म्याच्या जरा पुढे जाऊन थांबली.

थांबली म्हणजे थांबलीच. माउस हलत होता, बाकी हालचाल नाही. बराच वेळ वाट बघितली, बंद केलं, पुन्हा केलं. पुन्हा तिथेच. पेन ड्राइव्ह खराब असेल म्हणून शाळेचा दुसरा लावला. तिथेच. मशीन उघडलं, धूळ झटकली, रॅम काढून खोडरबरने घासून बसवली, डिस्कची केबल बदलली. डिस्क तपासली तर ठणठणीत. पुन्हा सुरू केलं. प्रत्येक वेळी मिनिमल, प्रत्येक वेळी तीच जागा. स्क्रीनवर बोट ठेवून दाखवता आली असती.

नवरा दारात येऊन उभा राहिला. "काय म्हणते मॅडमची प्रयोगशाळा?"

"चालू आहे."

"चालू कुठंय? मघापासून तर थांबलेलंच दिसतंय. उद्या भंगारवाल्याला फोन करतो."

"तुम्ही जरा तिकडे बसता का?"

बाई शेजारच्या दिवाणावर शेंगा फोडत बसल्या होत्या, नाना खेळायचे तेव्हा बसायच्या तशाच. इतका वेळ पट्टीकडेच बघत होत्या.

"शोभा," त्या म्हणाल्या, "हे घडी घडी एकाच जागी थांबून राह्यलं का?"

"हो."

"अन् पुढं जायचा रस्ता तर मोकळाच हाय?"

"हो बाई. तेच कळत नाही."

"कावळ्यासारखं झालं मंग."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, बघ आता, अशा नजरेने. वंदनाला वातावरण हलकं करायचं असावं, तिने कॉम्प्युटरसमोर हात जोडले. "नाना, मी दर महिन्याला येत जाईन."

"तू आलीस की त्यांचा कॉम्प्युटर काय, माझा पंखासुद्धा बंद पडतो," नवरा म्हणाला.

"दादा, तू बोल ना मग. तू थोरला."

"नाना, तुम्हाला भंगारात देणार नाही," नवऱ्याने हात जोडले. मग म्हणाला, "म्हणजे मशीनला."

पट्टी हलली नाही. दोघं हसले. मला हसू येत नव्हतं, कारण माझा सगळा रविवार गेला होता आणि समोर बाई होत्या. हे मशीन आता ह्याच अवस्थेत बाहेर गेलं असतं तर त्यांनी त्याचा काय अर्थ लावला असता हे मला कळत होतं. मी बंद करायच्या बटणावर बोट ठेवलं. म्हटलं, एकदा शेवटचं पुन्हा करू.

"थांब जरा," बाई म्हणाल्या.

त्या उठल्या. पदराला हात पुसले, मांडीवरची फोलपटं झटकली, आणि कॉम्प्युटरच्या नव्हे, रिकाम्या खुर्चीच्या जरा वर बघून बोलल्या. मी स्टुलावर बसले होते, नानांची खुर्ची मी बाजूला सरकवली होती.

"तुमचे पत्ते टाकून देऊ आम्ही. शोभा टाकील. कितीबी खेळा, मी बिलकुल बोलणार न्हाई."

आणि पट्टी सरकली.

माझं बोट अजून बटणावर होतं. मी काही दाबलं नव्हतं, काही हलवलं नव्हतं, केबलला कुणाचा पाय लागला नव्हता — मी लगेच खाली वाकून बघितलं. पट्टी सरळ शेवटपर्यंत गेली.

"बघ, आता जल्दी जल्दी चाललंय," बाई म्हणाल्या, आणि पुन्हा शेंगा फोडायला बसल्या. नवरा पाणी प्यायला म्हणून आत गेला तो बराच वेळ आतच होता.

योगायोग. मी तेव्हाही हेच म्हटलं, आताही म्हणते. जुनी डिस्क असते, अडते, सुटते. बाई त्या क्षणी काही वेगळं बोलल्या असत्या तर तेच खरं वाटलं असतं. इथपर्यंत माझी काही अडचण नाही.

अडचण पुढे आहे. मशीन नव्याने चालू झालं. मी वेळ बरोबर आहे का बघितलं, मराठी कीबोर्ड लावला, अक्षरं मोठी केली. पत्त्यांचा खेळ नंतर इंटरनेटवरून घ्यायचा असं मनात होतं. नवऱ्याच्या मोबाइलचं नेट जोडायच्या आधी सहज मेन्यू उघडला. मिनिमल असल्यामुळे त्यात ब्राउझर, सेटिंग, फाइल... आणि पत्ते.

जाणकार आता हात वर करतील, तेव्हा मीच सांगते. मिनिमल निवडलं तरी काही प्रकारांत आधी सगळं सामान कॉपी होतं आणि शेवटी नको ते काढलं जातं. काढताना एखादी गोष्ट राहिली असेल. मान्य. पण ऑफिसचं निघालं, गाण्यांचं निघालं, फोटोंचं निघालं, पत्त्यांबरोबर येणारे बाकीचे खेळसुद्धा सगळे निघाले. हा एकच राहिला. पुढच्या आठवड्यात मी तेच दोन्ही पेन ड्राइव्ह शाळेतल्या एका जुन्या मशीनवर, तोच पर्याय निवडून, चालवून बघितले. कुठेही अडलं नाही. आणि मेन्यूमध्ये खेळ नव्हता.

घरच्या मशीनवर पुन्हा करून बघायची माझी फार इच्छा होती. प्रयोग एकदा करून चालत नाही, हे मी वर्गात दरवर्षी सांगते. पण बाईंनी साफ सांगितलं, "हात लावायचा न्हाई." त्या कधी असं बोलत नाहीत. मी नाही लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली भाकरी कठड्यावर गेली, पण बाई तिथे थांबल्या नाहीत. ठेवली आणि खाली आल्या. महिनाभरात पोळीवर तूप मागून घ्यायला लागल्या. वडीगोद्रीला जाऊन आठ दिवस राहून आल्या आणि वंदनाच्या जावेशी भांडून परत आल्या, म्हणजे तब्येत पूर्ण सुधारली. आता दुपारी जेवण झालं की त्या स्वतः कॉम्प्युटरसमोर बसतात. मी शिकवलं, पण माझ्यापेक्षा जल्दी शिकल्या. माउस भाकरी थापल्यासारखा दाबतात. अडलं की खुर्चीत जरा बाजूला सरकतात, थोडं थांबतात, आणि पान लावतात. मी एकदा विचारलं, कसं सुचलं हे पान? तर म्हणाल्या, "मला कुठं सुचतंय? मला काय येतंय?"

मी पुढे विचारलं नाही. पेपर तपासायचे होते.

ह्या उन्हाळ्यात वर्षश्राद्ध झालं. पान वाढून गच्चीवर ठेवलं आणि आम्ही सगळे खाली मान घालून उभे. कावळा आला नाही. एकही नाही, आसपासच्या झाडांवरसुद्धा नाही. वंदनाने माझा हात धरला, नवरा बाईंकडे बघायला तयार नव्हता. इतक्या महिन्यांचं सगळं आता पुन्हा पहिल्यापासून, असंच आम्हाला वाटलं.

बाईंनी आकाशाकडे एकदा बघितलं, मग आमच्याकडे.

"कशाला उन्हात उभे राह्यले? डाव अर्धा असंल त्यांचा. अर्धा सोडून उठायची सवय न्हाई. द्या ते पान गाईला अन् चला जेवायला, वरण निवून राह्यलं."

आणि त्या जिना उतरून गेल्या. पोटभर जेवल्या, पुरणपोळी दोनदा घेतली.

मी सगळ्यांच्या मागून उतरले. स्वयंपाकघरात जायच्या आधी पुढच्या खोलीत डोकावले, उगाच. कॉम्प्युटर बंद होता, झाकण घातलेलं होतं. खुर्ची रिकामी होती. मी ती आत सरकवायला गेले आणि तशीच ठेवली.

कुणाला ह्याचं तांत्रिक उत्तर माहीत असेल तर खाली जरूर लिहा, मी नीट वाचीन. बाईंना मात्र वाचून दाखवणार नाही.