भरलेली खाच

पेणला काळुरामच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तीचं बोट तुटलं म्हणून कुणी हातातलं काम टाकत नसे. साच्यातून काढताना कान गेला, सोंडेचा शेंडा उडाला, तर चिमूटभर माती लावायची, ओलं बोट फिरवायचं, वर रंग बसला की संपलं. अशी कामं थोरल्या मुलीकडे, भूमिकाकडे यायची. तिने जोडलेलं बोट कुठलं ते काळुरामलाही ओळखता यायचं नाही, आणि पाहुणे आले की तो हे कौतुकाने सांगायचा.

साच्यांच्या घरातली म्हणून भूमिकाने आयटीआयला टूल अँड डायचा, म्हणजे लोखंडी साचे घडवण्याचा, ट्रेड घेतला. पास झाल्यावर रोह्याच्या एका छोट्या टूलरूममध्ये शिकाऊ म्हणून लागली. नदीपलीकडे अष्टमी गावात सरूआत्याकडे राहायची, सकाळी डबा घेऊन पूल ओलांडायची. कामावर ती एकटीच मुलगी. शिकवायला अय्यूबभाई. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "कटर जास्त गेला तर माझ्याकडं यायचं. वेल्डिंग भरून परत मशीन मारू. शिव्या खाशील, पण काम वाचेल. लपवायचं नाय."

तिने मान हलवली होती. पुढे विशाल, तिच्या आधीचा शिकाऊ, एकदा तशी चूक सांगायला गेला, तेव्हा त्याला सगळ्यांसमोर पडलेल्या शिव्याही तिने ऐकल्या होत्या.

मग डब्याच्या झाकणाचा साचा तिच्या एकटीच्या हातात आला. शेवटचा हात राहिला असताना तिने हँडल उलटं फिरवलं आणि कटर भिंतीत शिरला. नखाएवढी खाच पडली. अय्यूबभाई जेवायला गेले होते. विशाल लेथकडे तोंड करून उभा होता. 'एक पोरगी घेतली, तिनंच साचा मारला,' हे वाक्य तिला त्याच्या आवाजात ऐकू आलं. पुढचं सगळं तिच्या हातांनीच केलं. पाइपांची गळती बुजवायची पुट्टी फळीवर होती. तिच्यात तिने लोखंडाचा भुगा मळला, खाचेत दाबला, अंगठ्याने कड साधली आणि सुकल्यावर पॉलिश पेपर मारला. दिवा जवळ आणून पाहिलं. काही दिसत नव्हतं. खरं सांगायचं तर तिला जरा आनंदच झाला.

अय्यूबभाईंनी साच्यातून अंगठा फिरवला. "बघ रे विशाल, पेणची पोरगी. हात बघ हिचा!"

"देवाचा हात, भाई," विशाल म्हणाला. "आम्ही काय, सळया कापणारे."

सगळे हसले. भूमिकाने मान खाली घातली, तर लोकांना वाटलं लाजली.

ते कौतुक संध्याकाळी तिच्या आधी घरी पोचलं होतं. अय्यूबभाईंची बायको सायरा आत्याच्याच आळीत राहायची. आत्याने घावने आणि नारळाचा रस केला होता.

"खा गो. भाईंनी सायराला सांगितलंन. मी तुझ्या बापाला फोन पण लावला."

"आत्या, एवढं काय नाय केलं मी."

"लाजतेस काय? आपल्यात कोण लाजलंय आजवर?"

भूमिका ताटातल्या घावनाचे तुकडे करत राहिली. उद्या साचा चाचणीला प्लॅस्टिकच्या मशीनवर चढणार, त्यात गरम प्लॅस्टिक दाबाने शिरणार. पुट्टी टिकणार नाही हे तिला कळत होतं. सकाळी ती अय्यूबभाईंच्या टेबलापर्यंत गेलीही. त्यांनी वर पाहिलं. "काय पेणवाली, चहा झाला?"

"व्हय," म्हणून ती मागे फिरली.

पहिली झाकणं चांगली निघाली. मग एकाच्या कडेला गाठ आली, गाठीत काळा कण. अय्यूबभाईंनी मशीन थांबवलं आणि साच्यात सुई घातली. पुट्टीचा तुकडा सुटून त्यांच्या तळहातावर पडला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला. टूलरूमचे शेठ गिऱ्हाइकाला घेऊन मागेच उभे होते.

"हे कुणी केलं?" शेठनी विचारलं.

"मी पास केला," अय्यूबभाई म्हणाले. "चूक माझी."

"एवढी वर्षं काढून पुट्टी भरता? त्यापेक्षा पानाची टपरी टाका!"

भूमिका हाताच्या अंतरावर होती. बोलायला वेळ होता, जागा होती. तिने खोक्यातली झाकणं सारखी लावायला घेतली. अय्यूबभाईंच्या पिकल्या दाढीकडे गिऱ्हाईक बघत होतं आणि ती झाकणावर झाकण ठेवत होती.

शेठ गेल्यावर तिचा आवाज फुटला. "भाई, मी भरलं ते."

"म्हायती हाय."

"आमच्या घरी..." एवढं बोलून ती थांबली. बापाचं नाव इथे कसं काढायचं?

"खाच कुणालाही पडते," अय्यूबभाई म्हणाले. "सकाळी माझ्या टेबलाशी आलीस, ती काय सांगायला?"

तिने हातातलं झाकण खोक्यात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वेल्डिंग भरून साचा परत तिच्याच मशीनवर बांधला. नशीबवान आहेस, असं विशाल कानाशी पुटपुटून गेला. एरवी अय्यूबभाई एकदा दाखवून दुसऱ्या मशीनकडे वळायचे. आज ते तिच्या शेजारीच उभे राहिले, नजर हँडलवर. चहा आला. सगळे उठले, ते उठले नाहीत.

"भाई, तुम्ही जा चहाला. मी करते," ती हळूच म्हणाली.

"तू कर," अय्यूबभाई म्हणाले. "मी हाय इथंच."