आयकलं का?

विमल गेल्याचं तिच्या भाच्याने फोनवर सांगितलं तेव्हा मी भाजी निवडत बसले होते. शाळा सुटल्यावर आदिलाबादला यायला ती तामसीहून बसमध्ये बसली, वाटेतच छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं... त्याच संध्याकाळी, तिला अजून घरीही आणलेलं नव्हतं, तेव्हा माझा फोन पुन्हा वाजला. पलीकडे विमल होती. ‘‘मी इमल मॅडम बोलून राह्यली. उद्या आभाय हाय. चक्की सकाऊन नोका चालवू, दुपारच्याला चालवा. आयकलं का?’’ आभाय म्हणजे आभाळ, ढग. आवाज नेहमीचाच, किंचित दटावणारा. मला रडू आलं नाही, संताप आला. हा फोन तिच्या गावातल्या सौर शेडच्या यंत्रणेचा होता. तो रोज दिवेलागणीला बायांना जायचा आणि नीट जातोय की नाही हे कळावं म्हणून तिने माझाही नंबर त्यात घालून ठेवला होता. बाई गेली होती आणि यंत्र तिच्या तोंडून उद्याचा दिवस सांगत होतं.

आमची ओळख अध्यापक विद्यालयाच्या वसतिगृहातली. एका खोलीत दोघी राहायचो. मी चिडकी आणि ती दटावणारी, तरी जमलं. कोणतंही वाक्य ती ‘आयकलं का?’ असं विचारल्याशिवाय पुरं करत नसे. ही सवय तिच्या आईकडून आलेली. आई दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जायची आणि बांधापलीकडून पोरींना हाका मारत कामं सांगायची. उत्तर आल्याशिवाय तिला चैन पडत नसे. पुढे आम्ही दोघी मराठी माध्यमाच्या शाळांवर लागलो. तेलंगणात मराठी शाळा चालवणं म्हणजे काय ते आमचं आम्हालाच ठाऊक! तेलुगू पुस्तकं शाळा उघडायच्या आधी येऊन पडतात, आमची येतात तेव्हा पहिली चाचणी होऊन गेलेली असते. मी दरवर्षी त्यावर डोकं आपटायची. विमल जुनी पुस्तकं गोळा करून, गोंदाने डकवून शिकवायला सुरुवात करायची आणि मला म्हणायची, ‘‘काऊन चिडून राह्यली वो? चिडल्यानं पुस्तक येते का?’’

तिच्या गावात समाजमंदिराशेजारी एका संस्थेने सौर शेड उभारली. छपरावर सौर पाट्या, आत बॅटऱ्या आणि त्यावर बायांच्या गटाची पिठाची चक्की, मिरचीचं कांडप, पिण्याच्या पाण्याची मोटर आणि गावातले रात्रीचे दिवे. त्याआधी चक्की डिझेल इंजिनावर चालायची. चक्की सांभाळणाऱ्या कौसाबाईच्या पदराला वर्षभर धुराचा वास यायचा आणि पिठालाही तोच वास. नव्या यंत्रणेची खरी गंमत पाट्यांत नव्हती. एक छोटी पेटी उद्याचं हवामान बघायची, बॅटरीत किती शिल्लक आहे ते बघायची आणि चक्की, मोटर कधी चालवायची ते ठरवून गटातल्या बायांना फोनवर सांगायची. ढगाळ सकाळी चक्की थांबवली की मोटरीपुरती आणि रात्रीच्या दिव्यांपुरती वीज उरायची. इतकी साधी, इतकी शहाणी गोष्ट. ती ऐकली की झालं!

पण ऐकायची कशी? सुरुवातीचा निरोप हैदराबादला बसून कुणीतरी मराठीत करून पाठवला होता. ‘उद्या सौर उत्पादन अल्प राहील. कृपया सकाळचा भार दुपारी स्थलांतरित करावा.’ कौसाबाईने तो कान देऊन ऐकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, भर ढगात, चक्की सुरू केली. दुपारी जेवून उठल्यावर चार बायांना हाताशी घेऊन शेडमधली ज्वारीची सगळी पोती तिने समाजमंदिरात नेऊन ठेवली. विमल शाळेतून आली तर बाया घामाघूम होऊन बसलेल्या. ‘‘हे काय केलं वो?’’ तिने विचारलं. ‘‘फोनवर सांगतलं ना, भार हालवा म्हून. हालवला!’’ कौसाबाई म्हणाली. त्या रात्री गावात मिट्ट काळोख होता. हे मला सांगताना विमल हसून हसून आडवी झाली. हसू ओसरल्यावर मात्र म्हणाली, ‘‘बायांचं काही चुकलं नाही. त्यायले कोणी त्यायच्या बोलीत सांगतलंच नाही.’’

मग तिने संस्थेच्या मागे लागून आवाज स्वतःच भरून द्यायचं ठरवलं. ते काम माझ्या आदिलाबादच्या घरी झालं, ऐन मे महिन्यात. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद आणि रस्त्यावरचे भोंगे येतात म्हणून आम्ही दोघी अंगावर गोधडी ओढून बसलेल्या. आत विमल, मी आणि संस्थेने दिलेला फोन. ‘उद्या’, ‘ऊन’, ‘आभाय’, ‘सकाऊन’, ‘चक्की’, ‘मोटर’ असे तुकडे ती वेगवेगळे बोलायची आणि पुढे यंत्र ते जोडून घ्यायचं. मध्येच शेजाऱ्यांच्या कुकरने शिट्टी दिली की पुन्हा पहिल्यापासून. निरोपाच्या शेवटी ‘आयकलं का?’ हवंच असा तिने हट्ट धरला. संस्थेचा इंजिनिअर म्हणाला, ‘‘मॅडम, मशीन थोडेही सुनती है। लोग जवाब किसको देंगे?’’ त्याला तिने हिंदीत काहीतरी समजावलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘मशीन आयकत नसन, बाया त आयकतेत ना!’’

आणि बाया खरंच ऐकायला लागल्या. फोन संपताना त्या यंत्राला उत्तर द्यायच्या, ‘‘आयकलं व माय!’’ मी स्वतः पाहिलंय, कौसाबाई कणिक मळता मळता खांद्याने फोन कानाशी धरून हे म्हणायची. डिझेल इंजिन शेडमागे गेलं. त्यावर पोतं टाकून विमलने त्याचं बाकडंच करून टाकलं होतं. रविवारी दळण होईपर्यंत ती त्यावर पाय हलवत बसायची. ‘‘तुझ्या आवाजाची एक प्रत जवळ ठेव गं,’’ मी तिला किती वेळा म्हटलं. पण ऐकेल ती विमल कसली! दुसऱ्यांना ‘आयकलं का’ विचारणारी बाई स्वतः कुणाचं ऐकत नसे. छातीतल्या जळजळीबद्दलही तिने ऐकलं नाही. पित्त आहे म्हणत राहिली... याचा राग मी अजून गिळलेला नाही आणि गिळणारही नाही.

ती गेल्यावरही तिचा फोन येत राहिला. पहिले काही दिवस मी तो कापायची, नंतर वाट बघायला लागले. मग एका संध्याकाळी पलीकडून गुळगुळीत, अनोळखी तेलुगू आवाज आला. यंत्रणा अपडेट झाली होती. बाजारातलं तेलुगू आमच्याकडे सगळ्यांना येतं, भाव करता येतो, भांडता येतं. पण हे पुस्तकातलं तेलुगू होतं, बातम्यांतलं. पोरांना ते कळायचं, पण पोरं घरात असली आणि मनात आलं तर सांगणार. मी मदतीच्या नंबरवर फोन केला. तिथला मुलगा अगदी नम्रपणे म्हणाला, ‘‘मॅडम, स्टेट तेलंगाना है, तो मराठी का ऑप्शन आता ही नहीं। महाराष्ट्र सिलेक्ट करेंगे तो आएगा।’’ म्हणजे भाषा हवी असेल तर गाव उचलून नदीपलीकडे महाराष्ट्रात नेऊन ठेवावं! निदान जुना आवाज तरी परत द्या, म्हटलं. तो जुन्या सर्व्हरवर होता आणि जुना सर्व्हर आता नव्हता. पुन्हा फोन केला, पुन्हा नवा मुलगा, पुन्हा पहिल्यापासून सगळी कहाणी. काही दिवस मी स्वतःच तेलुगू निरोप ऐकून कौसाबाईला फोन केला. पण कधी माझी मीटिंग, कधी तिचा फोन बंद. शेवटी तीच म्हणाली, ‘‘तुमी काऊन तरास घेता मॅडम? इमलबाईच गेली, तं आता कायचा फोन?’’

पुढे आठवडाभर आभाळ दाटून राहिलं. चक्की सकाळीच सुरू व्हायची, दुपारी मोटर बंद पडायची, रात्री दिवे. ‘सोलर बेकार हाय’ असं गावात जो तो म्हणू लागला. संस्थेचे साहेब गाडीतून आले, बघून गेले आणि म्हणाले की गावात अवेअरनेसच नाही. मी तिथे उभी होते. माझा आवाज इतका चढला की साहेब चष्मा पुसायला लागले. उन्हाचा दोष नाही, पाट्यांचा नाही, त्या छोट्या पेटीचासुद्धा नाही. पेटी रोज अचूकच सांगतेय. इतकी महागडी अक्कल आणली आणि तिला बोलायला एक जीभ दिली नाही, हे मी त्यांना कोणत्या भाषेत सांगायला हवं होतं?

परवा विमलच्या घरी जाऊन परतताना शेडकडे वळले. इंजिनावरचं पोतं काढून भिंतीशी टाकलेलं होतं आणि इंजिन पुन्हा चक्कीला जोडलेलं. कौसाबाई हातात डिझेलचा डबा घेऊन उभी होती. ‘‘सकाऊन दळायचं हाय. त्याचा भरोसा नाही ना,’’ छपराकडे हात करून ती म्हणाली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने डबा खाली ठेवला, फोन कानाला लावला आणि मान खाली घालून पूर्ण ऐकला. बाहेरपर्यंत येणारे तेलुगू शब्द मला कळत होते. उद्या सकाळपासून स्वच्छ ऊन होतं, चक्की दिवसभर चालवा असं तो आवाज सांगत होता. निरोप संपला. कौसाबाई क्षणभर थांबली, जणू शेवटी अजून काहीतरी यायचं राहिलंय. मग म्हणाली, ‘‘आयकलं व माय.’’ आणि तिने फोन कमरेला खोचून डिझेलचा डबा उचलला.