माझ्या खाचरातलं पाणी

माझ्यावर सर्वांत जास्त ऋण सुमनआक्काचं, माझ्या थोरल्या बहिणीचं. चौथीनंतर तिनं दप्तर ठेवलं, लोकांच्या शेतांत भात लावलं. म्हणून मी कर्जतला शिकलो, बी.ए. झालो, साजगावच्या कारखान्यात कारकून झालो.

त्या सकाळी आण्णांचा गडी माझ्या खाचराच्या बांधातली पाण्याची वाट चिखलानं बुजवत होता. आण्णा गावचे मोठे जमीनदार. छत्री धरून उभे. माझ्या खाचरातलं जादा पाणी त्या वाटेनं खाली त्यांच्या खाचरात उतरतं. आजोबांच्या वेळेपासून.

"तुजं पानी आमच्या भातात नको," आण्णा म्हणाले. "शिकलेला हायस, समजून घे."

गडी हसला. "बी.ए. होऊन आणलान काय, तर एड्स!"

कारखान्यात रक्तदान शिबिर झालं, तेव्हा मी हौसेनं पहिला झोपलो होतो. तपासणीची चिठ्ठी मला नाही, साहेबांच्या टेबलावर गेली. नोकरी गेली. गावभर झालं. औषध नाही, डॉक्टर म्हणाले. पाण्यातून हा रोग जात नाही, हेही म्हणाले. मी ते सगळ्यांना सांगितलं. कोण ऐकतो? दरवर्षी आम्ही एकमेकांच्या लावणीला जातो. यंदा आमच्याकडे कोणी आलं नाही. आईनं आणि मी दोघांनीच लावलं. पाणी तुंबलं तर रोपं कुजणार. वर्षाचं खाणं तेवढंच.

बांधावर उभ्या आईनं हात जोडले. "आवो आण्णा, रोपं बुडतील वो."

"मंग ह्याला धाड ना कुठंतरी."

ते जोडलेले हात मला बघवेनात. फावडं घेतलं, बांध फोडला. मग खाली त्यांच्याच खाचरात उतरलो. लहानपणी इथंच आक्काच्या मागून रोपांचे मुठे वाहिले होते. तेव्हा माझे पाय आण्णांना चालत होते.

"आता मी तुमच्या पान्यात हाय, आण्णा. उपटा सगळं भात."

गडी हसायचा थांबला. आण्णा मागे सरले. "उद्या परत बुजवीन," म्हणाले.

आदल्या दिवशी लोधिवलीहून आक्काचा निरोप आला होता. गाव सोड, मला सासरी बोलणी बसतात. त्या रात्री मी उत्तर पोस्टकार्डावर लिहिलं. कोणीही वाचावं म्हणून.

"आक्का, साष्टांग नमस्कार. तुझ्यामुळे मी माणसांत आलो. आता माणसांतून उठणार नाही. रोग कुठून आला, हे दाजींनीच काय, कोणीही विचारलं तरी सांगणार नाही. आण्णा बांध बुजवतील, मी फोडीन. किती दिवस जमेल, ठाऊक नाही. मी नसलो तर कुठून फोडायचा, ते आईला दाखवून ठेवलंय."